साठ अंशांची काच

मे महिना लागला की मला दुधाचा वास सहन होत नाही. सून म्हणते, आई, आत्ताच आलंय, ताजं आहे. असेल ताजं. पण नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास कुठल्याही पातेल्याचं झाकण उचललं की माझ्या नाकात तो जुना वास शिरतो. तापलेल्या नालीत ओतलेल्या दुधाचा, गोडसर, आंबूस, माश्यांनी भरलेला वास. मग मी कोरा चहा मागते आणि पित्त झालंय म्हणून सांगते. घरच्यांना ते पटतं, कारण या वयात बाईला पित्त होणं सगळ्यांना सोयीचं असतं.

प्रताप नगरात आमच्या कोपऱ्यावर एक डेअरी निघाली आहे. तिच्या टेबलावर एक पांढरी पेटी आहे. तिच्याजवळ वाटीभर दूध धरलं की एक नळी त्यात बुडते आणि पेटीवर लाल आकडे उमटतात. परवा मी मुद्दाम उभी राहून पाहिलं. डेअरीवाला कौतुकानं सांगू लागला की आजी, यात सेन्सर आहे, तो आधी दूध किती गरम आहे ते पाहतो, त्याप्रमाणे बेरीज-वजाबाकी करतो आणि मगच आकडा सांगतो. मी म्हटलं, बराच शिकलेला दिसतो की. तो हसला. मी गंमत करते आहे असं त्याला वाटलं. त्या पेटीला जेवढी अक्कल आहे तेवढी पन्नास-साठ वर्षांपूर्वी एका बी.एस्सी. झालेल्या मुलीला नव्हती, आणि ती मुलगी मी होते, हे त्याला कुठे ठाऊक?

सक्करदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक दूध मंडळ होतं. नाव सांगत नाही. ते केव्हाच बुडालं, आणि बुडालं ते फार बरं झालं. आसपासचे गवळी तिथे सकाळ-दुपार दूध आणत, मंडळ ते तपासून घेई आणि शहरात घरोघरी पोचवी. तपासायचं काम माझं. देश स्वतंत्र होऊन आठएक वर्षं झाली होती, मी नुकती पदवी घेतली होती, आणि आमच्या घराण्यात भोसल्यांच्या वेळेपासून कारकुनी असली तरी नोकरी करणारी पहिली बाई मीच. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आमची मुलगी शास्त्राचं काम करते. ते शास्त्र आठवलं की आता मला माझीच शिसारी येते.

काम सोपं होतं. उंच काचेच्या नळकांड्यात दूध ओतायचं, त्यात लॅक्टोमीटर सोडायचा. खाली फुगीर, वर बारीक दांडी असलेली ती पोकळ काच दुधात उभी तरंगे. दांडीवर रेघा. घट्ट दुधात काच वर राही, पातळ दुधात खाली जाई. दुधाच्या पातळीशी जी रेघ येईल तो आकडा मी मोठ्यानं वाचायचा. अठ्ठावीस किंवा वर असला तर दूध चांगलं. खाली गेला तर दुधात पाणी. गवळी लोक तिला नुसतं काच म्हणत, आणि तिच्यापुढे उभं राहताना देवळात आल्यासारखे पायातल्या वहाणा काढत.

आकडा कमी आला की दोन गोष्टी होत. शिपाई दाराजवळच्या काळ्या फळ्यावर त्या गवळ्याच्या नावापुढे खडूनं ‘पाणी’ लिही. आणि ते दूध ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं समोरच्या नालीत ओतायचं. हा नियम आमच्या साहेबांचा. दुसऱ्यानं ओतलं तर लाज वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. तीनदा ‘पाणी’ लिहिलं गेलं की नाव कायमचं कटलं.

ज्यांच्या घरात दूध जमिनीवर सांडलं तर पदरानं पुसून डोळ्याला लावतात, ती माणसं डबा कलंडताना तोंड फिरवत. दूध नालीतल्या काळ्या चिखलावरून पांढरी वाट काढत जाई, मग करडं होई, कुत्री धावत. अर्ध्या तासात उन्हानं त्याचा दही लागल्यासारखा थर व्हायचा आणि त्यावर माश्या. मी व्हरांड्यात बसून पुढचा आकडा वाचत असे. वास येई म्हणून मी पदर नाकाला लावी, आणि तो वास आपण निर्माण केला आहे हे माझ्या एकदाही मनात येत नसे.

व्हरांडा पश्चिमेचा, वर टिनाचं छप्पर. वाळ्याच्या ताट्या फक्त साहेबांच्या खोलीला. ते आत ओल्या गारव्यात बसत, रुमालाला खसचं अत्तर, आणि दर तासाला चहा. तो चहा कशाचा असे ते सांगते. पाणी घातलेलं म्हणून जे दूध नालीत जायचं, त्यातलं लोटाभर शिपाई आधीच काढून ठेवी आणि रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरी. साहेबांना त्याच दुधाचा चहा लागे. त्यावर साय अशी जाड येई की साहेब ती बोटानं उचलून तोंडात टाकत. पाणी घातलेल्या दुधावर एवढी साय कुठून येते, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मलाही नाही. मीही तो चहा प्यायले आहे.

त्या वर्षी चैत्रापासूनच ऊन कडक निघालं. लोक खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नव्हते. आमच्या घरातलं लंबकाचं घड्याळ नेहमीप्रमाणे मागे पडू लागलं, आणि वडिलांनी नेहमीप्रमाणे स्टुलावर चढून लंबकाखालचा स्क्रू थोडा वर फिरवला. दरवर्षी होळी झाली की ते हे करत आणि दिवाळीनंतर पुन्हा खाली घेत. उन्हाळ्यात लोखंड लांबतं, लंबक आळसतो, हे मला लहानपणापासून माहीत. शिवाय कॉलेजात उष्णतेनं होणाऱ्या प्रसरणाचा धडा मला पाठ होता, त्यावर मी चांगले मार्क घेतले होते. घरच्या घड्याळाला उन्हाळा लागतो हे कळणाऱ्या मला मंडळातल्या काचेलाही तो लागत असेल हे सुचलं नाही. कारण घड्याळ घरचं होतं आणि काच साहेबाची होती.

त्या उन्हाळ्यात फळा पांढरा होत गेला. गंमत म्हणजे, आणि हिला गंमत म्हणायचं तर माझी जीभ झडली पाहिजे, सकाळचं दूध कधी वाईट निघत नसे. जे काय पाणी सापडे ते दुपारी. साहेबांनी त्याचंही कारण काढलं होतं. म्हणायचे, ही जात सकाळी देवाला भिते आणि दुपारी विसरते. मी हसले होते. आज ते हसणं आठवलं की तोंड धुवावंसं वाटतं.

एकच गवळी दुपारीही कधी सापडत नसे. तो सायकलवर यायचा आणि त्याच्या डब्याभोवती गोणपाटात, लाकडाच्या भुशात बर्फ कोंबलेला असायचा. साहेब त्याची स्वच्छतेबद्दल तारीफ करत. पुढे मला कळलं की तो येताना रस्त्यातल्या नळावर थांबून डब्यात दोन लोटे पाणी टाकायचा. शास्त्र त्याला येत नव्हतं, पण गार दुधावर काच खूश होते एवढं त्यानं हेरून ठेवलं होतं. म्हणजे त्या अख्ख्या मंडळात त्या काचेचा स्वभाव ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो चोर होता.

आणि भागाबाई.

भागाबाई सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीतली. चाळिशीची, उंच, एका खांद्यानं किंचित वाकडी, कारण त्या बाजूला वर्षानुवर्षं डबा. नवरा नव्हता. तिची एकच दुभती म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी. ती चांदीबद्दल घरातल्या माणसासारखं बोले. आज रुसली होती, आज तलावातून निघायलाच तयार नव्हती, पोराहून जास्त डुंबते. दूध काढलं की भागाबाई डबा डोक्यावर घेऊन थेट येई, दुपारच्या उन्हात दोन मैल, अनवाणी. दूध आधीच म्हशीच्या अंगाचं ऊबदार, वर पितळेचा डबा, वर नागपूरचं ऊन. ते माझ्या टेबलावर येईपर्यंत हाताला चटका बसे. मी ते तसंच नळकांड्यात ओतत असे.

पहिल्यांदा सव्वीस आकडा आला तेव्हा तिनं मागे वळून रांगेतले डबे पाहिले. तिला वाटलं मी दुसऱ्या कोणाचं दूध मोजलं. तिनं पुन्हा मोजायला सांगितलं. मी पुन्हा मोजलं, पुन्हा सव्वीस. मी तिला शिकवलं की माणूस चुकतो, काच चुकत नाही. तिनं डबा नालीत ओतला, आणि मग रिकामा डबा पदरानं पुसत बसली.

दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा वैशाख ऐन भरात होता. माझं डोकं ठणकत होतं, पाठीला पातळ चिकटलं होतं, मागे वीस-पंचवीस माणसं रांगेत. भागाबाई हटेना. आवाज न चढवता तिनं विचारलं, “बाई, मी टाकलं नाही. माह्या घरचं कोनी टाकलं नाही. मंग पानी आलं कुठून?”

मी म्हटलं, “तुम्ही नाही टाकत, तर मग म्हैसच टाकत असेल.”

रांगेतली माणसं हसली. ताटीच्या आत साहेब हसले. चांगलं बोलले असं वाटून मीही हसले. भागाबाई हसली नाही. ती विचारात पडली. ती विचारात पडली हे मी स्पष्ट पाहिलं होतं, आणि पुढचं नाव पुकारलं होतं.

त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी ती आली तेव्हा डबा जेमतेम अर्धा होता. चेहरा मात्र उजळलेला. आज दूध पक्कं आहे, आज पाहा, असं म्हणून तिनं स्वतः झाकण काढून दिलं. मी काच सोडली. काच डुलली, थांबली. सव्वीसच. माझ्या तोंडून आकडा निघताना तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. शिपायानं नाव कटल्याची रेघ ओढली. त्यानं लोटा आधीच काढून घेतला होता. उरलेलं तिनं ओतलं आणि गेली. त्या दिवशी ऊन इतकं होतं की नालीतून वाफ आल्याचा भास होत होता.

साहेब त्या दिवशी एका लग्नाला लवकर गेले, म्हणून लोटा तसाच वाळूत राहिला. पाच वाजता आवरताना शिपायानं तो काढला आणि मला दाखवला, की पाहा बाई, साय. बोटभर होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी साय दुधातच मोडली, दूध ढवळलं, नळकांड्यात ओतलं आणि काच सोडली.

तीस.

मी शिपायाला विचारलं, हे कोणाचं. तो म्हणाला, भागाबाईचं, दुसरं कोणाचं. मी त्याला लेकरांची शपथ घ्यायला लावली. मग मी लॅक्टोमीटरची लाकडी पेटी उघडली. तिच्यात मखमलीखाली घडी घातलेला एक कागद होता, आणि शेजारी कधीही न वापरलेला थर्मामीटर. तो आजवर बाहेर निघाला नव्हता, कारण तो सामानाच्या यादीत होता आणि फुटला तर जबाब कोण देणार, अशी पद्धत. कागदावर लिहिलेलं मला दोन वाचनांत कळलं, कारण ते सगळं मला परीक्षेला होतं. दूध तापलं की फुगतं, फुगलं की पातळ होतं, काच त्यात जास्त बुडते आणि आकडा कमी दिसतो. म्हणून आधी तापमान पाहा आणि तेवढं वाढवून घ्या. काच ज्या तापमानाला खरी बोलते ते तिच्या दांडीवरच कोरलं होतं, बारीक अक्षरात. साठ अंश फॅरनहाइट. नागपुरात साठ अंश पौषातल्या पहाटे असतात. मी तो आकडा रोज डोळ्यांपुढे धरत होते आणि मला वाटत होतं तो कारखान्याचा नंबर आहे.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना दाखवलं. एकच दूध, अर्धं टेबलावर, अर्धं ओल्या वाळूत, दोन आकडे. ते मूर्ख असते तर मला बरं वाटलं असतं. ते मूर्ख नव्हते. त्यांना एका क्षणात कळलं. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, “म्हणजे अख्खा उन्हाळा चुकला. हे बाहेर बोलू नका. पाऊस लागला की आपोआप बरोबर होईल.”

मी भागाबाईचं नाव काढलं. ते म्हणाले, एकीला बोलावलं तर फळ्यावरचे सगळे येतील. आणि मग, अगदी मायेनं, माझी नोकरी नवीन असल्याची आठवण करून दिली.

या माणसाची किळस मला अजून आहे, पण ती सोपी किळस आहे. अवघड ती माझी. त्या दिवसापासून मी गुपचूप नळकांडं ओल्या वाळूत गार करून मग आकडा वाचू लागले. फळ्यावर नवीन ‘पाणी’ जवळजवळ बंद झालं. सायकलवाला दोनदा सापडला. मी स्वतःवर खूश होते. घरी जाताना वाटे, आपण केवढं मोठं काम चोरून करतो आहोत. आणि तलावामागची वस्ती तिथून दोन मैलांवर होती, आणि मी गेले नाही. उद्या जाऊ म्हणत पंधरा दिवस गेले नाही. ऊन फार आहे हे एक कारण मी रोज स्वतःला देत होते. भागाबाई त्याच उन्हातून डबा घेऊन येत असे हे सोयीनं विसरत होते.

शेवटी एका दुपारी गेले. आज नंदनवन म्हणतात त्या बाजूची शेतं तेव्हा उघडी पडलेली होती, झाड नाही, पाखरू नाही, डोळ्यांपुढे नुसतं पांढरं ऊन. तलावाचं पाणी आटून मधे आलं होतं, त्यात म्हशींची डोकी दिसत होती. घर विचारत पोचेपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटली होती.

भागाबाई दारात पडवीत बसली होती. मला पाहून उठली, आत जाऊन मडक्यातलं पाणी पितळेच्या गडूत घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं. पडवीच्या बाजूला खुंटा होता. खुंट्याला दोर होता. दोराला काही नव्हतं.

मी विचारलं, चांदी कुठे आहे.

तिनं सांगितलं ते असं. मी म्हटल्यापासून तिनं पुष्कळ विचार केला होता. घरात कोणी पाणी टाकत नाही, वाटेत कोणी डब्याला हात लावत नाही, आणि काच तर खोटं बोलत नाही. मग राहिली म्हैस. उन्हाळ्यात चांदी बादल्याच्या बादल्या पाणी पिई आणि दिवसभर तलावात पडून राही. तेच पाणी दुधात उतरत असणार. म्हणून भागाबाईनं तिला तलावावर नेणं बंद केलं, आणि पाणी तोडलं. दिवसाला एक बादली, मग अर्धी. दूध कमी झालं, तेव्हा तिला वाटलं घट्ट होतं आहे. नाव कटल्यावरही तिनं सोडलं नाही. दूध पक्कं झाल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या दारात जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. चांदी रात्रंदिवस तलावाकडे तोंड करून हंबरे. चार दिवसांपूर्वी दुपारी तिला लू लागली. पाय दुमडून बसली ती उठली नाही.

“तुनंच सांगतलं होतं ना वं पोरी,” ती म्हणाली. मंडळात ती मला अहोजाहो करायची. इथे मी तिच्या दारात होते. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी सांगितलेला उपाय आपल्याला नीट जमला नाही, अशी खंत होती.

मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. काच उन्हात चुकते, चूक काचेचीही नाही, आमची आहे, तुमचं दूध पहिल्या दिवसापासून चांगलं होतं. ती ऐकत होती. मधे तिनं खुंट्याकडे पाहिलं.

“म्हंजे तिच्या दुधात पानी नव्हतंच?”

“नव्हतं.”

तिनं मान हलवली. मला वाटलं, आता ती रडेल, शिव्या देईल, मला हाकलेल. यातलं काहीही केलं असतं तर मी तिचे पाय धरले असते. तिनं माझ्या हातातल्या गडूकडे पाहिलं. तो तसाच भरलेला होता.

“पी ना वं,” ती म्हणाली. “काहून धरून बसली? थंड हाय.”

मी प्यायले. सगळा गडू, एका दमात. ऊन फार होतं आणि मला तहान लागली होती.